क्लब मालकाचा की गावाचा?

व्यावसायिक खेळ म्हटला की आज आपल्या डोळ्यांसमोर लिलावाचे व्यासपीठ उभे राहते. कोट्यवधींच्या बोली, झगमगते दिवे, जाहिरातींनी माखलेले गणवेश आणि ज्या शहराचे नाव संघाला दिले आहे, त्या शहरात वर्षाकाठी जेमतेम दोन महिने वावरणारे खेळाडू, हे चित्र आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की संघ आणि शहर यांचे यापेक्षा निराळे, अधिक जिव्हाळ्याचे नाते असू शकते, ही कल्पनाच मनात येत नाही. इंग्लंडमधील रग्बी क्लबांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. वाट चुकलेल्या तरुणांना हात देणारे, तुरुंगातील मुलांपर्यंत पोहोचणारे, शाळा उभारणारे आणि मृत्यूच्या दारातील सहकाऱ्यासाठी अवघे शहर रस्त्यावर आणणारे क्लब त्या देशात आहेत. पैशाच्या हव्यासापायी रातोरात दिवाळखोर झालेले क्लबही त्याच देशात आहेत. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या, तरच त्यातून काही शिकता येईल.

रग्बी हा अंडाकृती चेंडूने, अंगमेहनतीने आणि प्रत्यक्ष झटापटीने खेळायचा खेळ. वॉरविकशायर परगण्यातील रग्बी या गावच्या शाळेवरून त्याला हे नाव मिळाले. १८७१ साली लंडनमध्ये 'रग्बी फुटबॉल युनियन' ही नियामक संस्था स्थापन झाली. तिची सूत्रे सुखवस्तू वर्गाच्या हाती होती आणि खेळासाठी कोणी एक छदामही घेऊ नये, असा तिचा दंडक होता. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची चिंता नव्हती, त्यांना हा दंडक फार उदात्त वाटे. यॉर्कशायर आणि लँकेशायर या उत्तरेकडील परगण्यांत मात्र कोळशाच्या खाणीत आणि कापडगिरण्यांत राबणारे कामगार रग्बी खेळत. शनिवारी सामना खेळायचा, तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे. तेवढी बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब एकत्र आले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पुढे 'रग्बी लीग' या नावाने ओळखला जाणारा खेळाचा प्रकार त्यातून जन्मला. मूळ संस्थेचा प्रकार 'रग्बी युनियन' म्हणून ओळखला जाऊ लागला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, उत्तरेकडील क्लबांची मुळे कोठे रुजली, हे त्यातून स्पष्ट होते. ते कामगारवस्तीतून उभे राहिले होते. गावातील खाण, गावातील प्रार्थनागृह आणि गावातील क्लब या तीन गोष्टींभोवती तेथील लोकजीवन फिरत असे. वेस्ट यॉर्कशायरमधील फेदरस्टोन हे त्याचे बोलके उदाहरण आहे. एवढ्याशा खाणगावाच्या संघाने १९६७, १९७३ आणि १९८३ अशा तीन वेळा रग्बी लीगचा प्रतिष्ठेचा 'चॅलेंज कप' जिंकून मोठमोठ्या शहरांना पाणी पाजले. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या प्रदीर्घ संपानंतर तेथील ॲक्टन हॉल ही खाण बंद झाली. रोजगार गेला, तरुण दिशाहीन झाले. त्या पडत्या काळात आणि पुढेही कित्येक वर्षे, शनिवार-रविवारी चार लोकांना एकत्र आणणारी, 'आपण सारे एका गावचे आहोत' ही जाणीव जिवंत ठेवणारी जागा म्हणून क्लबाचे मैदानच उरले होते. उद्योग जातात, सरकारे बदलतात. पण समाजाने स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या संस्था सहजी मोडत नाहीत.

युनियनचा बिनपैशाचा दंडक तब्बल शंभर वर्षे टिकला. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियनही व्यावसायिक झाले. दूरचित्रवाणीचे हक्क, पुरस्कर्ते आणि धनाढ्य मालक यांचा पैसा वाहू लागला. त्याचबरोबर एक विधायक गोष्टही घडली. बहुतेक क्लबांनी आपापले धर्मादाय न्यास स्थापन केले. कायद्याने हे न्यास क्लबापासून स्वतंत्र असतात. त्यांचे विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळा, देणग्या वेगळ्या. मात्र नाव, गणवेश, मैदान आणि खेळाडू क्लबाचे. या न्यासांमार्फत शाळांतून प्रशिक्षण, अपंग मुलांसाठी खेळ, एकाकी वृद्धांसाठी व्यायामवर्ग, मानसिक आरोग्यासाठी मेळावे असे अनेक उपक्रम चालू झाले.

प्रीमियरशिप या इंग्लंडमधील सर्वोच्च स्पर्धेतील क्लबांनी मिळून राबवलेला 'हिट्झ' हा उपक्रम त्यांपैकी विशेष उल्लेखनीय म्हणावा लागेल. शाळेत ज्यांचे मन रमले नाही, परीक्षेत जे मागे पडले, ज्यांना पुढचे शिक्षण नाही आणि कामही नाही, अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी तो आखला गेला. इंग्रजी आणि गणित यांचे राहून गेलेले किमान शिक्षण, एखादी व्यवसायोपयोगी पात्रता, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि त्याला जोडून नियमित खेळ, असे त्याचे स्वरूप. वर्ग अनेकदा क्लबाच्या मैदानाच्या इमारतीतच भरतात. शाळेच्या फळ्यासमोर जो मुलगा मान खाली घालून बसे, तोच मुलगा ज्या क्लबाचा सामना पाहायला वडिलांबरोबर येत असे, त्याच क्लबाचा सदरा अंगावर घालून त्याच इमारतीत गणित शिकतो. अभ्यासक्रम फारसा बदलत नाही. शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे नाते बदलते. 'तू नापास झालेला आहेस' असे सांगणाऱ्या जगात 'तू आमच्या संघातला आहेस' असे सांगणारे कोणी तरी भेटते. वेळेवर येणे, दिलेला शब्द पाळणे, पडलेल्या सहकाऱ्याला उठवणे, पंचाचा निर्णय मान्य करणे हे खेळातील संस्कार त्या नात्याच्या आधारानेच अंगी मुरतात. उपदेशाने जे साधत नाही, ते सहवासाने साधते, हा आपल्याकडच्याही प्रत्येक चांगल्या शिक्षकाचा अनुभव आहे.

उत्तर लंडनमधील सॅरासेन्स या १८७६ साली स्थापन झालेल्या क्लबाने याहून पुढचे पाऊल टाकले. लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम येथे अल्पवयीन आणि तरुण गुन्हेगारांसाठी कारागृह आहे. तेथील कैद्यांसाठी क्लबाच्या न्यासाने 'गेट ऑनसाइड' नावाचा कार्यक्रम चालवला. रग्बीचे शिक्षण, प्रशिक्षक म्हणून काम करण्याची तयारी, सुटकेनंतर काम मिळवण्यासाठी साहाय्य आणि बाहेर वाट पाहणारा एखादा विश्वासू मार्गदर्शक, असा त्याचा गाभा. कारागृहाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला घ्यायला कोण येते, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. जुन्या टोळीतले सोबती आधी पोहोचले, तर तो पुन्हा आत जातो. २०१८ साली याच क्लबाच्या पुढाकाराने बार्नेट भागात 'सॅरासेन्स हायस्कूल' ही सरकारी खर्चाने चालणारी माध्यमिक शाळा सुरू झाली.

या उज्ज्वल चित्राची दुसरी बाजू मात्र झाकून चालणार नाही. शाळा सुरू झाली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, खेळाडूंच्या एकूण मानधनावरील मर्यादा ओलांडल्याबद्दल याच सॅरासेन्स क्लबाला ३५ गुणांची कपात आणि पन्नास लाख पौंडांहून अधिक दंड अशी शिक्षा झाली. २०२० मध्ये या विजेत्या संघाची खालच्या श्रेणीत रवानगी झाली. मुलांना नियमांचा आदर शिकवणाऱ्या संस्थेचे कारभारीच नियम वाकवत होते! न्यासाच्या कार्यकर्त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता; फेल्टमच्या मुलांसाठी त्यांनी केलेले कष्ट खरेच होते. परंतु न्यासाचे पुण्य क्लबाच्या पापाचे परिमार्जन करू शकत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले. सेवा ही संस्थेच्या संपूर्ण वर्तनातून दिसली पाहिजे. एका दालनात सेवा आणि शेजारच्या दालनात लबाडी, असा संसार फार काळ चालत नाही.

क्लब आणि समाज यांचे नाते किती खोल असू शकते, याचे अलीकडचे सर्वांत हृद्य उदाहरण लीड्स शहराने घालून दिले आहे. लीड्स ऱ्हायनोज हा १८९५ च्या बंडातील क्लब. रॉब बरो हा त्याचा लाडका खेळाडू. उंची अवघी पाच फूट पाच इंच, आणि खेळ धिप्पाड गड्यांचा! तरीही सोळा-सतरा वर्षांच्या कारकिर्दीत त्याने क्लबासाठी ४९२ सामने खेळले आणि आठ वेळा विजेतेपद मिळवले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला 'मोटर न्यूरॉन' हा स्नायूंचे बळ क्रमाक्रमाने हिरावून घेणारा असाध्य आजार झाल्याचे निदान झाले. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड याने डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावण्याचा निश्चय केला. बरोचा क्रमांक सात, म्हणून उद्दिष्ट ठेवले ७७,७७७ पौंडांचे. जमा झाले वीस लाख पौंडांहून अधिक. दुसऱ्या वर्षी तो लेस्टरपासून लीड्सपर्यंत १०१ मैलांचे अंतर चोवीस तासांत धावला. लेस्टरचा क्लब युनियनचा, लीड्सचा लीगचा. शंभर वर्षांची भाऊबंदकी एका मित्रप्रेमाच्या धावेने पुसून टाकली.

मे २०२३ मध्ये लीड्स शहराने बरोच्या नावाने मॅरेथॉन आयोजित केली. सिनफील्डने चाकाच्या खुर्चीतील बरोला सर्व मार्गभर ढकलत नेले आणि अंतिम रेषेपाशी त्याला उचलून, हातांवर घेऊन ती रेषा पार केली. त्या दिवशी हजारो सामान्य लीड्सकर धावले. त्यांतले कित्येक जण आपल्याच घरातील कोणा आजाऱ्यासाठी धावत होते. २ जून २०२४ रोजी बरो गेला. या आजाराच्या रुग्णांसाठी त्याच्या नावाने लीड्समध्ये उभारायच्या उपचार केंद्राच्या कामाचा शुभारंभ कुटुंबाच्या इच्छेनुसार दुसऱ्याच दिवशी करण्यात आला. कोणत्याही विपणन विभागाला अशी गोष्ट आखता येत नाही. क्लबाचे खेळाडू आणि शहर यांचे नाते जिव्हाळ्याचे होते, म्हणून ती घडू शकली.

आता याच्या अगदी उलट चित्र पाहू. २०२२-२३ या एकाच हंगामात इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेतील तीन क्लब कोसळले. सप्टेंबर २०२२ मध्ये वूस्टर वॉरियर्स, ऑक्टोबरमध्ये वॉस्प्स आणि जून २०२३ मध्ये लंडन आयरिश. यांपैकी वॉस्प्सची कथा विशेष उद्बोधक आहे. १८६७ साली स्थापन झालेला हा लंडनचा क्लब २००४ आणि २००७ मध्ये युरोपचा विजेता होता. पैशाच्या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी २०१४ च्या अखेरीस तो लंडनच्या परिसरातून उठून कॉव्हेंट्रीला गेला. तेथील मोठे क्रीडासंकुल विकत घेतले आणि २०१५ मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले. इमारत भव्य झाली. परंतु क्लबाची मुळे जुन्या गावी राहिली आणि नव्या गावी रुजायला वेळ मिळाला नाही. कर्जफेडीची मुदत आली, तेव्हा सारा डोलारा कोसळला. खेळाडू आणि कर्मचारी मिळून १६७ जणांची नोकरी एका दिवसात गेली.

वूस्टरमध्ये तर शेवटच्या सामन्याच्या वेळी कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते. तरीही २४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी मैदान सजवले, प्रेक्षक आले, संघ जिंकला. आणि दोनच दिवसांनी क्लबाला स्पर्धेतून निलंबित करण्यात आले. मालकांनी हिशेब बिघडवला होता, गावाने पाठ फिरवली नव्हती. म्हणूनच तीन वर्षांनी, २०२५-२६ च्या हंगामात, वूस्टरचा संघ दुसऱ्या श्रेणीत का होईना, पुन्हा मैदानात उतरला. वूस्टरला परत यायला स्वतःचे मैदान आणि स्वतःचे गाव होते. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे.

अशा पडझडीत सर्वांत मोठे नुकसान कोणाचे होते? नामवंत खेळाडूला फ्रान्समध्ये किंवा जपानमध्ये नवा करार मिळतो. मालक दुसऱ्या व्यवसायाकडे वळतो. क्लबाच्या आधारावर शिकणारा सोळा वर्षांचा मुलगा मात्र कोठे जाणार? न्यास कायद्याने स्वतंत्र असल्याने तो लगेच बुडत नाही, हे खरे. परंतु ज्या नावाच्या आकर्षणाने मुले येत होती, ते नावच संपले की न्यासाची शक्ती क्षीण होते. ज्याला आयुष्यात एकदा सोडून दिले गेले आहे, त्याला दुसऱ्यांदा सोडून देणे हा साधा आर्थिक अपघात नव्हे. तरुणांचा हात धरणाऱ्या संस्थेने तो धरण्यापूर्वी आपले पाय जमिनीवर घट्ट आहेत ना, हे पाहिलेच पाहिजे. हिशेबातील शिस्त हा सेवेचाच भाग आहे.

आणखी एका प्रश्नाला या क्लबांना सामोरे जावे लागत आहे. २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातील स्टीव्ह थॉम्प्सन याने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की, त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला असून तो विश्वविजयाचा सामनाही त्याला आठवत नाही. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांबद्दल शेकडो माजी खेळाडूंनी नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले आहे. त्यानंतर इंग्लंडमध्ये २०२३-२४ च्या हंगामापासून हौशी व स्थानिक पातळीवरील सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला पकडण्याची उंची छातीच्या हाडाच्या खालपर्यंत मर्यादित करण्यात आली. अनेक जुन्या खेळाडूंनी याला विरोध केला. पण आपला मुलगा मैदानात पाठवणाऱ्या आईच्या मनातील भीतीला उत्तर देणे हे संस्थेचे पहिले कर्तव्य नव्हे काय? क्लबांच्या प्रशिक्षण केंद्रांत दाखल होणाऱ्या बहुसंख्य मुलांना पुढे व्यावसायिक करार मिळत नाही. म्हणून खेळाबरोबर शिक्षण चालू राहील, शरीर आणि मेंदू शाबूत राहील, याची हमी द्यायलाच हवी. तरुणाला घडवण्याचा दावा करायचा आणि त्याला कच्चा माल म्हणून वापरायचे, यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही शिष्यवृत्तीने भरून निघणारे नाही.

या साऱ्या अनुभवातून तीन कसोट्या हाती येतात. पहिली कसोटी मुळांची: संस्था ज्या मातीत उभी आहे, त्या मातीतील माणसे तिला आपली मानतात का? दुसरी कसोटी सातत्याची: छायाचित्रकार निघून गेल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मुलांपाशी कोण असते? तिसरी कसोटी प्रामाणिकपणाची: मैदानावर शिकवलेली मूल्ये संस्थेच्या कार्यालयात पाळली जातात का? लीड्स या कसोट्यांना उतरले. सॅरासेन्सची सेवा मोठी, पण तिसऱ्या कसोटीवर तिला डाग लागला. वॉस्प्स पहिल्याच कसोटीवर अडखळला.

भारताचा या खेळाशी संबंध जुना आहे. कोलकात्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला रग्बी क्लब काही वर्षांतच बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपात काढली, ते रुपये वितळवून चषक घडवला आणि तो लंडनला पाठवला. नागांच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत. क्लब मेला, चषक उरला. कोलकात्याच्या मुलांच्या हाती मात्र काही पडले नाही. ती उणीव सव्वाशे वर्षांनी भरून निघू लागली. २००४ मध्ये पॉल वॉल्श या माजी ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याने कोलकात्यात 'जंगल क्रोज' हा क्लब सुरू केला आणि वस्त्यांतील मुलांना मैदानावर आणले. पुढे त्याच चळवळीतून उत्तर बंगालमधील सरस्वतीपूरच्या चहामळ्यातील कष्टकरी कुटुंबांच्या मुली रग्बी खेळू लागल्या आणि भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. झगमगाट नाही, लिलाव नाही. तरी मुलींच्या आयुष्याची दिशा बदलली.

जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, सहा संघांची व्यावसायिक 'रग्बी प्रीमियर लीग' भरवण्यात आली. मुंबई, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू आणि कलिंग अशी नावे धारण करणाऱ्या या संघांचे सर्व सामने एकाच शहरात, एकाच मैदानावर झाले. आरंभ म्हणून त्यात गैर काही नाही. नव्या खेळाला पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही हवीत. परंतु नाव घेतले त्या शहराचे ऋणही संघाने मानले पाहिजे. संघाच्या मालकांनी आपल्या शहरातील दहा शाळा निवडाव्यात, प्रत्येक शाळेला वर्षभर येणारा एक प्रशिक्षक द्यावा आणि शाळा सोडलेल्या मुलांना त्या मैदानावरूनच पुन्हा शिक्षणाकडे वळवावे. एका परदेशी खेळाडूच्या मानधनाच्या मानाने हा खर्च फार मोठा ठरू नये.

आणि केवळ मालकांकडे बोट दाखवून आपलीही सुटका नाही. वस्तीतील मैदान वाहनतळात रूपांतरित होत असताना आपण गप्प बसतो, दहावीच्या वर्षात मुलाचा खेळ बंद करतो आणि मग तरुण पिढी भरकटली म्हणून खंत करतो. लीड्सच्या रस्त्यावर त्या दिवशी धावलेली हजारो माणसे कोणाची नोकर नव्हती. क्लब आपला आहे, म्हणून ती आली होती. ही आपलेपणाची भावना विकत मिळत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या सायंकाळी मैदानावर जाणाऱ्या, मुलांची नावे ठाऊक असणाऱ्या, अनामिक कार्यकर्त्यांच्या घामातून निर्माण होते. असे कार्यकर्ते आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत आहेत का, हे प्रत्येकाने पाहावे. नसतील, तर उद्याच्या सायंकाळी मैदानावर पहिले कोणी जायचे, हे घरातच ठरवावे.